ओंडक्यांचं घर : भिंती फुकट, बाकीचं विकत

लेखांक ६

गेल्या आठवड्यात कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकातून गळणाऱ्या बाबी पाहिल्या. आज कंत्राटदारच नसलेलं घर. अमेरिका-कॅनडात स्वतः ओंडके रचून घर बांधणारे लोक आजही आहेत. झाडं जंगलातली, मेहनत आपली, मग खर्च येतो कुठून, असं त्यांच्यातल्या अनेकांना सुरुवातीला वाटतं.

स्वतः बांधलेल्या घराचा सर्वांत प्रसिद्ध जमाखर्च हेन्री डेव्हिड थोरो यांचा. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी १८४५ साली बांधलेलं त्यांचं घर ओंडक्यांचं नव्हतं; तासलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर फळ्या ठोकलेली ती १० फूट बाय १५ फुटांची खोली होती. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्यांचे ८ डॉलर साडेतीन सेंट, हजार जुन्या विटांचे ४ डॉलर, खिळ्यांचे ३ डॉलर ९० सेंट; खडूचा एक सेंटही त्यांनी टिपून ठेवला आहे. पण त्या यादीत काय नाही तेही बघा. जमीन मित्राची, म्हणजे राल्फ वाल्डो इमर्सन यांची. झाडं त्याच जमिनीतली, पहिली कुऱ्हाड उसनी, सांगाडा उभा करायला ओळखीची माणसं. आणि मार्चअखेरपासून ४ जुलैला राहायला जाईपर्यंत स्वतः केलेल्या कामाची मजुरी शून्य.

खऱ्या ओंडक्यांच्या घरासाठी अलास्काला जावं लागेल. डिक प्रोनेकी या कसबी सुतारानं १९६७ च्या उन्हाळ्यात ट्विन लेक्स इथं स्प्रूसची झाडं तोडून ठेवली आणि पुढच्या वर्षी एकट्यानं, हातातल्या अवजारांनी घर उभं केलं. काही अवजारांची नुसती पातीच त्यानं सोबत नेली. दांडे तिथंच तासले. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या. पण छपराला डांबरी कागद आणि प्लॅस्टिक लागलंच. वर शेवाळ अंथरलं, तरी पाणी अडवायला बाहेरची वस्तू हवी होती, आणि ती तिथवर जाणार छोट्या विमानानं.

हे जवळजवळ प्रत्येक ओंडक्याच्या घराला लागू पडतं. भिंत जंगल देतं. छप्पर, पाया, काच, धुराडं, वीज आणि पाणी विकतच घ्यावं लागतं, आणि जागा जितकी आडवाटेची, तितकी वाहतूक महाग. अमेरिकेत तयार ओंडक्यांचे संच मिळतात, पण त्यांच्या किमतीत पाया, नळकाम, वायरिंग सहसा नसतं. जाहिरातीतला आकडा पूर्ण घराचा समजू नये.

भिंतही वाटते तितकी फुकट नाही. १२ बाय १६ फुटांची, ८ फूट उंच भिंतींची खोली धरा. १० इंच जाडीचे ओंडके घेतले, तर साधारण चाळीस लागतात. ओल्या स्प्रूसचा १६ फुटी ओंडका दीडशे किलोच्या आसपास भरतो. तो नुसता वर चढवून भागत नाही. खालच्या ओंडक्यावर बसवून खूण करायची, उतरवायचा, पटाशीनं खाच कोरायची, पुन्हा चढवून पाहायचं. उन्हाळा जातो तो इथं.

त्यात ओलं लाकूड सुकताना आक्रसतं आणि भिंत खाली बसते. जाणकार दर फुटाला पाऊण इंच धरतात, म्हणजे ८ फुटी भिंत सहा इंच खाली येऊ शकते. म्हणून दार-खिडकीच्या चौकटीवर मोकळी फट सोडून ती पट्टीनं झाकतात आणि खांबांखाली स्क्रू जॅक ठेवून ते अधूनमधून उतरवत राहतात. ज्यानं ही फट ठेवली नाही, त्याच्या खिडक्या अडकतात, काचा तडकतात. स्वस्तात बांधलेलं घर महाग होतं ते अशा जागी. शिवाय ऊन-पावसापासून लाकूड जपायला वळचण रुंद हवी, म्हणजे छप्पर मोठं, म्हणजे पुन्हा पैसे. बाहेरून दर काही वर्षांनी संरक्षक लेप द्यावा लागतो, तो खर्च घर असेपर्यंत चालतो.

तरीही ज्याच्याकडे जमीन, जवळचं लाकूड आणि मोकळा वेळ तिन्ही आहे, त्यानं हे घर जरूर बांधावं, असंच मी म्हणेन. मजुरी वाचते ती खरी आणि मोठी बचत असते. तिन्हींपैकी एक जरी विकत घ्यावं लागत असेल, तर पहिलं झाड पाडण्यापूर्वी छप्पर, पाया आणि वाहतूक यांचे भाव लेखी मागवा आणि मगच कुऱ्हाड उचला. पायाचा हिशेब पुढच्या लेखांकात.