ईक्यूच्या नावावर खपणाऱ्या गोष्टी

कंपन्यांच्या नेतृत्व-प्रशिक्षणात एक स्लाइड ठरलेली असते: यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के, भावनिक बुद्धिमत्तेचा, म्हणजे ईक्यूचा, ८०. टाळ्या पडतात, चहा होतो. पण हा हिशेब कुणी सिद्ध केलेला नाही. अमेरिकी विज्ञान-पत्रकार डॅनियल गोलमन यांनी १९९५ च्या पुस्तकात लिहिलं होतं ते एवढंच, की यशात बुद्ध्यांकाचा हिस्सा फार तर २० टक्के असावा. उरलेल्यात सामाजिक स्थानापासून नशिबापर्यंत बरंच काही येतं. लोकांनी ते सगळं परस्पर ईक्यूच्या खात्यावर जमा केलं, आणि हा अर्थ चुकीचा असल्याचं पुढे खुद्द गोलमन यांनाच सांगावं लागलं.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे कुणालाही न दुखावणं. 'आमचे सर फार चांगले, कधी कुणाला बोलत नाहीत,' अशी ज्यांची ख्याती, त्यांतले काही सर वर्षभर चूक दाखवत नाहीत आणि अप्रेझलला मात्र खालचं रेटिंग हातात ठेवतात. हा गोडवा स्वतःची अडचण टाळण्यासाठी असतो.

अप्रिय निर्णय घ्यावाच लागला, तर तो कसा पोचवला यात फरक दिसतो. मे २०२० मध्ये कोविडने पर्यटन ठप्प केलं तेव्हा एअरबीएनबी या कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सुमारे १,९०० जणांना, म्हणजे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना कमी केलं. त्यांच्या पत्रात कारणं होती, निवड कशी केली ते होतं, अमेरिकेतल्या लोकांना किमान १४ आठवड्यांचा पगार आणि वर्षभराचा आरोग्यविमा होता. लॅपटॉप परत मागितले नाहीत. नवी नोकरी शोधायला ते लागणारच! उलट, डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना काही मिनिटांच्या एका झूम कॉलवर घरी पाठवलं. व्हिडिओ जगभर फिरला, आणि गर्ग यांना ज्या पद्धतीने हे केलं तिच्याबद्दल माफी मागावी लागली. नोकऱ्या दोन्हीकडे गेल्या.

ईक्यू जास्त तर प्रत्येक कामात सरस, हेही खरं नाही. डेना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन या संशोधकांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. ग्राहकासमोर स्वतःच्या भावना आवरून वागावं लागतं अशा कामांत ईक्यूचा उपयोग दिसला. जिथे तशी गरज कमी, तिथे तो दिसला नाही, कधी संबंध उलटाही निघाला.

आणि हा गुण जन्मजातच असतो म्हणणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झालेल्या सत्या नडेला यांची गोष्ट ऐकावी. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, रस्त्यात बाळ रडतंय, काय कराल? त्यांचं उत्तर: ९११ ला, म्हणजे अमेरिकेतल्या आपत्कालीन नंबरला, फोन करेन. आधी बाळाला उचलून घ्यायचं असतं, असं मुलाखतकाराने त्यांना ऐकवलं. नोकरी तरीही मिळाली. शिकणं मात्र एका दिवसात झालं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये, कंपनीचे प्रमुख होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, एका जाहीर कार्यक्रमात प्रश्नाला उत्तर देताना ते म्हणाले, महिलांनी पगारवाढ मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवावा. गदारोळ उठला. त्याच दिवशी सर्व कर्मचाऱ्यांना त्यांचा ईमेल गेला: उत्तर साफ चुकलं, पगारवाढ हक्काची वाटत असेल तर सरळ मागा.