रोजचं इंग्रजी : ‘बदलला आहे’ म्हणजे ‘हॅज चेंज्ड’

नवं सिमकार्ड घेतलं की आपण ओळखीच्या सगळ्यांना एक ओळ पाठवतो : ‘माय नंबर इज चेंज्ड.’ निरोप पोचतो, काम होतं. पण हीच ओळ नोकरीच्या अर्जाखाली किंवा बँकेला लिहिलेल्या पत्रात आली, तर वाचणाऱ्याला खटकते. हवं असतं ‘माय नंबर हॅज चेंज्ड.’ बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातला दहावी झालेला मुलगा ‘चेंज’चा अर्थ सांगेल. अडचण अर्थाची नाही, ती त्या ‘आहे’ची आहे.

‘तो शिक्षक आहे’ यातल्या ‘आहे’ला इंग्रजीत ‘इज’ म्हणतात, हे आपण पहिल्या धड्यात शिकतो आणि मग प्रत्येक ‘आहे’पुढे ‘इज’ ठेवत जातो. ‘नंबर बदलला आहे’ यातला ‘आहे’ मात्र वेगळं काम करतो. क्रिया होऊन गेली आणि तिचा परिणाम अजून टिकून आहे, एवढं तो सांगतो. इंग्रजीने हे काम ‘हॅव’ आणि ‘हॅज’कडे दिलं आहे. स्टँडवर ‘गाडी आली आहे’ हे ‘द बस हॅज कम’ होतं, तसंच नंबरचं.

मग ‘इज चेंज्ड’ कायमच चूक का? नाही. ‘द पासवर्ड इज चेंज्ड एव्हरी मंथ’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, कारण त्याचं मराठी ‘पासवर्ड दर महिन्याला बदलला जातो’ असं होतं. शंका आली की आधी आपलं मराठी वाक्य नीट ऐकावं. ‘बदलला जातो’ असेल तर ‘इज चेंज्ड’. ‘बदलला आहे’ असेल तर ‘हॅज चेंज्ड’. ‘बदलण्यात आला आहे’ असेल तर ‘हॅज बीन चेंज्ड’. व्याकरणाच्या जाड पुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा ही कसोटी मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिचं उत्तर आपल्याच भाषेत आधीपासून असतं.

आता कर्त्याकडे वळू. मराठी ‘बदलणे’ दोन्ही प्रकारे चालतं. ‘हवा बदलली’ यात हवा आपोआप बदलली, ‘मी बियाणं बदललं’ यात बदलणारा मी. इंग्रजी ‘चेंज’ही तसंच चालतं : ‘द वेदर चेंज्ड’, ‘आय चेंज्ड द सीड.’ कापूस सोडून सोयाबीनकडे वळलेल्या शेतकऱ्यांबद्दल सांगायचं तर ‘मेनी फार्मर्स हॅव चेंज्ड फ्रॉम कॉटन टू सोयाबीन.’ इथे ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ची जोडी लक्षात ठेवावी.

बदल आपोआप झाला की कुणी केला, हा प्रश्न कधी कधी व्याकरणाहून मोठा होतो. बीडमधली अनेक महाविद्यालयं ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये केला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली झाल्या, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. लाँग मार्च निघाले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. हे इंग्रजीत कसं लिहाल? ‘द नेम चेंज्ड इन 1994’ यात व्याकरणाची चूक काढता येणार नाही, पण नाव जणू ऋतूसारखं आपसूक बदललं असं ते वाक्य सांगतं. ‘द नेम वॉज चेंज्ड इन 1994’ म्हटलं की निदान ते कुणीतरी बदललं एवढं कळतं. मी मात्र ‘आफ्टर अ लाँग स्ट्रगल’ हे शब्द जोडल्याशिवाय हे वाक्य पुरं मानणार नाही. सोळा वर्षं झगडलेल्या माणसांना त्यात जागा असायलाच हवी.

याच वाक्यात आणखी एक खाच आहे. इथे ‘हॅज बीन चेंज्ड इन 1994’ चालत नाही. साल, तारीख किंवा ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा झालेला काळ आला की ‘हॅज’ मागे घ्यायचा. ‘माय नंबर हॅज चेंज्ड’, पण ‘माय नंबर चेंज्ड लास्ट वीक.’ मराठीत आपण ‘गेल्या आठवड्यात नंबर बदलला आहे’ असं सर्रास म्हणतो, म्हणून ही चूक चांगल्या शिकलेल्यांच्या लेखनातही सापडते.

आता अनेकवचन. बीडहून निघालेल्या माणसाला जामखेडला गाडी बदलायची असेल, तर तो ‘आय चेंज बसेस ॲट जामखेड’ म्हणेल. मराठीत गाडी एकच, इंग्रजीत मात्र एक सोडून दुसरी धरली म्हणून दोन. हाच नियम एका जास्त जिव्हाळ्याच्या वाक्याला लागतो. दिवाळीच्या आसपास, आगाऊ पैशांची उचल घेतलेली इथली जोडपी मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गावात सांभाळणारं कुणी नसलं की लेकरंही कारखान्यावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. त्यांच्याबद्दल ‘दे चेंज द स्कूल’ असं लिहिलं, तर मुलं शाळेत काही सुधारणा घडवतात असा अर्थ निघू शकतो. ‘दे चेंज स्कूल्स एव्हरी यिअर’ म्हटलं की खरी गोष्ट पोचते : दर वर्षी एक शाळा सुटते. अनेकांची तर दुसरी मिळतच नाही. मग ‘चेंज’ हे क्रियापदच खोटं ठरतं, तिथे ‘दे लीव्ह स्कूल’ लिहावं लागतं. या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालवली जातात, ती याच कारणाने.

‘चेंज’ नाम म्हणून आला की ‘ऑफ’ आणि ‘इन’ची गल्लत होते. जुनं जाऊन त्या जागी नवं आलं तर ‘ऑफ’ : चेंज ऑफ ॲड्रेस, चेंज ऑफ नेम. वस्तू तीच राहून तिच्यात फरक पडला तर ‘इन’ : अ चेंज इन द टाइमटेबल. राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज करताना ‘चेंज इन नेम’ लिहिलेलं दिसतं. तिथे ‘चेंज ऑफ नेम’ लिहा.

पुढच्या आठवड्यात ‘बिकम’ आणि ‘टर्न’ घेऊ. तोवर आपल्या गावात तुमच्या डोळ्यांदेखत बदललेल्या पाच गोष्टी इंग्रजीत लिहून काढा : रस्ता, पीक, शाळा, पाणी, काहीही. प्रत्येक वाक्यापुढे मराठीत लिहा की हा बदल आपोआप झाला की कुणी केला. कुणी केला असेल, तर त्याचं नाव इंग्रजी वाक्यातही येऊ द्या.