प्राजक्ताला पाकळ्या किती?

“बालवर्गात तुम्ही शिकवता तरी काय हो?” हा प्रश्न मला दरवर्षी आश्विनातच ऐकावा लागतो. जूनमध्ये मूल रडत नाही, एवढ्यावर आया खूष असतात. पण सहामाही जवळ आली, की शेजारच्या मुलाला पन्नासपर्यंत अंक लिहिता येतात ही वार्ता घरोघर पोचते, नि आमच्या दाराशी काळजीचे चेहरे दिसू लागतात.

2025 साली घटस्थापना सोमवारी आली. आदल्या रात्री भिजवलेले गहू नि ज्वारी मी डब्यातून वर्गात नेली. दोन कुंड्या, सारखीच माती, सारखेच पाणी. एक कुंडी खिडकीत ठेवली, दुसरीवर टोपली पालथी घातली. “बाई, आतल्याला अंधाराची भीती नाही का वाटणार?” एका मुलीने विचारले. मी म्हटले, “शनिवारी त्यालाच विचारू.”

आमच्या अंगणात प्राजक्त आहे. शाळेच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. मला विचाराल तर शाळेतले सर्वांत मोलाचे साधन तेच! मंगळवारी सकाळी सडा पडला होता. मुले फुले वेचायला बसली नि पाचच मिनिटांत भांडण घेऊन माझ्याकडे आली. एक म्हणे सहा पाकळ्या, दुसरा म्हणे सात. पाटीवरच्या बेरजेचे उत्तर एकच असते नि ते बाईंना ठाऊक असते. प्राजक्ताच्या फुलाला मात्र पाच ते आठ कितीही पाकळ्या असू शकतात. दोघेही खरे! खात्री करायची, तर प्रत्येकाने आपापले फूल मोजायला हवे. मग काय, सगळा वर्ग मोजत सुटला. वर्गात सहसा तोंड न उघडणारा एक मुलगा आहे. तो हळूच आला, माझ्या तळहातावर फूल ठेवून म्हणाला, “आठ.” मी मोजले. आठच होती.

बुधवारी त्याची आई आली. “बाई, खिशात कुजकी फुलं घेऊन घरी येतो. लिहायला कधी लागणार? पहिलीच्या प्रवेशाला विचारलं तर?” प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे, हे मी सांगितले. पण धास्तीला कायदा कुठे कळतो! त्या माउलीला हसण्यात अर्थ नाही. तिच्या डोळ्यांपुढे त्या पोराचा अख्खा जन्म उभा असतो.

अशा वेळी मला बोर्डीची आठवण होते. ताराबाई मोडकांनी 1945 साली तिथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम मांडले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणार कशी? मग शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. त्यांनी मोजायचे शिकवले नाही, असे कोण म्हणेल?

शुक्रवारी भोंडला. पाटावर हत्ती काढला, फेर झाला. पण खरी शाळा भरली ती खिरापतीला. झाकलेला डबा मी हलवला. “लाडू!” एकजण ओरडला. “लाडू असा खुळखुळ वाजतो का?” दुसरीने त्याला गप्प केले. चुरमुरे म्हणावेत, तर आवाज जड. शेवटी डब्याला कान लावून आमचा तो अबोल गडी म्हणाला, “दाणे. भाजलेले.” भाजलेले हे त्याला वासाने कळले होते, हे मला मागाहून उमजले.

शनिवारी टोपली उचलली. आतली पाती पिवळी नि लांबच लांब. खिडकीतली हिरवी, पण ठेंगणी. कोणती चांगली? बहुतेक मते लांबड्यांना पडली. मुलाला न्यायला आलेली ती आईही दारातून बघत होती. एका मुलीने पिवळ्या पात्यांना नुसते बोट लावले, तर ती आडवी झाली. हिरवी मात्र वाकून पुन्हा उभी राहिली. वर्ग चिडीचूप.

“ह्यांनापण खिडकीत ठेवू या,” तो मुलगा म्हणाला.

सोमवारी त्यातली बरीचशी पाती हिरवी झाली होती. जी अजून पडलेली होती, त्यांना मुलांनी खराट्याच्या काड्या लावून उभे केले. त्याची आई लिहिण्याचे अजून विचारते. परवा मात्र विचारता विचारता खाली वाकून तिने एक फूल उचलले, नि मी पाहिले, तिचे ओठ हलत होते.