डिकीतलं वजन आणि डॅशबोर्डावरचा आकडा

मे महिन्यातली रात्र. कोकणातून परतणारी गाडी घाटाकडे निघालेली. मागच्या सीटवर तिघं, डिकीत आंब्याच्या पेट्या, तांदळाची गोणी आणि उरलेल्या जागेत नारळ. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारतो. आपला चालक डॅशबोर्डाकडे बघतो, तर अप्परची निळी खूण पेटलेली नाही. दिवे लोअरवरच आहेत. मग समोरच्यांचं काय बिनसलंय?

बिनसलंय ते डिकीत. आणि त्यावरचा इलाज बहुतेक गाड्यांत चालकाच्या उजव्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डावर असतो. एक छोटं दातेरी चाक, त्यावर 0, 1, 2, 3 हे आकडे आणि शेजारी हेडलाइटचं चित्र. कित्येक गाड्यांत हे चाक शोरूममधून बाहेर पडल्यापासून शून्यावरून हललेलं नसतं. मला मात्र अख्ख्या डॅशबोर्डावर याच्याइतकं विलक्षण दुसरं काही वाटत नाही.

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून लोअर लावा. उजेडाला वरून एक ठळक कड दिसेल. कडेच्या खाली लख्ख प्रकाश, वर जवळजवळ अंधार. ही कड मुद्दाम किंचित उतरती ठेवतात. उतार शंभरात एकाच्या आसपास, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर. दिवा जमिनीपासून 65 सेंटीमीटरवर असेल, तर कड 65 मीटर पुढे रस्त्याला टेकते. समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत ती पोचायचं कारणच नाही.

आता डिकी भरा. समजा, मागचा भाग फक्त पाच सेंटीमीटर दबला. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरलं, तर गाडी शंभरात दोन इतकी कलली, नाक वर करून. शंभरात एकने उतरणारी कड आता शंभरात एकने चढू लागली! पन्नास मीटर पुढे ती सव्वा मीटरच्या जरा खाली, 1.15 मीटर उंचीवर असेल. समोरून येणाऱ्या छोट्या गाडीच्या चालकाचे डोळे साधारण तिथेच असतात. तीन बोटांएवढी दबलेली स्प्रिंग पन्नास मीटरवरच्या माणसाला क्षणभर आंधळं करू शकते, तेही घाटातल्या वळणावर.

ते दातेरी चाक फिरवलं की हेडलाइटच्या मागची छोटी मोटर दिव्याचा झोत खाली झुकवते. शून्य म्हणजे चालक एकटा किंवा पुढे दोघं. सगळ्या सीट भरल्या की साधारण एक, त्यात डिकीही भरली की दोन. आणि सगळ्यात मोठा आकडा तीन कधी? चालक एकटा आणि डिकी गच्च, तेव्हा. पुढे वजन नाही, सगळं मागच्या चाकांवर, म्हणून नाक सर्वांत जास्त तेव्हाच उचललं जातं. नेमकी आकडेवारी गाडीगणिक बदलते, ती गाडीच्या पुस्तकात तक्त्यात दिलेली असते. सामान उतरवल्यावर चाक परत शून्यावर आणायचं, नाहीतर झोत रस्त्यावर फार जवळ पडतो आणि पुढचा खड्डा उशिरा दिसतो.

ही कल्पना शेतकऱ्यांच्या गाडीतून आली, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. 1948 साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएन 2सीव्ही लोकांसमोर आली. फ्रान्सच्या खेड्यांतल्या माणसांनी 50 किलो बटाटे घेऊन बाजाराला जावं, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडं फुटू नये, अशी त्या गाडीमागची अपेक्षा सांगतात. एवढं सोसायला स्प्रिंगा अतिशय मऊ हव्यात, आणि मऊ स्प्रिंगा म्हटलं की बटाटे चढवताच गाडी मागे बसणार, दिवे आकाशाकडे बघणार. म्हणून त्या गाडीत चालकाच्या हाताशी एक मूठ दिली होती. ती फिरवली की दांड्याने जोडलेले दोन्ही दिवे वर-खाली होत. ना मोटर, ना वीज! पुढे 1954 मध्ये सिबिए या फ्रेंच कंपनीने सस्पेन्शनला जोडलेली, आपोआप झुकणारी यंत्रणा आणली. आज काही महागड्या गाड्यांत हे काम सेन्सर करतात, त्यामुळे त्यांत आकड्यांचं चाक दिसत नाही.

बाकी डॅशबोर्डाला डिकीची खबर जवळजवळ नसते. इंजिनाचं तापमान, तेलाचा दाब, कुठलं दार उघडं आहे हे सगळं त्याला कळतं, पण मागे दोन पेट्या आहेत की वीस, हे साध्या गाडीला कळत नाही. वजन जाणवतं ते चालकाशेजारच्या सीटला. तिच्या गादीखाली दाब ओळखणारी पट्टी असते. म्हणून तिथे भाजीची जड पिशवी ठेवली की गाडी तिला माणूस समजते आणि पट्टा लावा म्हणून टुणटुण करत राहते. टायरमधली हवा दाखवणारा पिवळा दिवा असलाच, तर तो हवा बरीच उतरल्यावर पेटतो. भरलेल्या गाडीला जास्त हवा लागते, हे तो सांगत नाही. ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळं. अनेक गाड्यांत भरल्यावर मागच्या टायरचा आकडा चांगलाच वाढतो. कमी हवेचा टायर वजनाखाली फेरीगणिक जास्त वाकतो, वाकून वाकून तापतो, आणि उन्हाळ्यातल्या महामार्गावर तापलेला टायर फुटू शकतो. हवा टायर थंड असतानाच भरायची.

पण सामानाची खरी ताकद गाडी अचानक थांबते तेव्हा कळते. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तीन मजले वरून पडलेली वस्तू याच वेगाने जमिनीवर आदळते. वेग शंभर केला की उंची दुप्पट नाही, चौपट होते. चाळीस मीटर!

पन्नासच्या वेगात गाडी धडकली आणि तिचं नाक अर्धा मीटर चेपून ती थांबली, असं धरू. तेवढ्या वेळात सगळ्याचं वजन सरासरी वीसपट झाल्यासारखं असतं. डिकीतली 25 किलोची गोणी अडवायला सीटच्या पाठीला 500 किलोंचा रेटा सोसावा लागतो. हा हिशोब गोणी पाठीला टेकलेली असेल तरचा. मध्ये हातभर मोकळी जागा असेल, तर गाडी मंदावते तेव्हा गोणी मात्र जुन्याच वेगाने पुढे येते, सीटवर आपटते आणि तिला काही सेंटीमीटरांत थांबावं लागतं. थांबायला जागा जितकी कमी, तितका धक्का मोठा. वजन तेच, गोणी तीच, फरक फक्त त्या हातभर पोकळीचा.

म्हणून गोणी आणि पेट्या डिकीच्या तळाशी, सीटच्या पाठीला घट्ट चिकटवून ठेवायच्या. हलकं सामान त्यांच्यावर, पण पाठीच्या उंचीपेक्षा वर नाही. मागे कोणी बसणार नसेल तरी तिथले पट्टे लावून टाकावेत, पाठीला तेवढाच आधार मिळतो. मागच्या काचेलगतच्या ट्रेवर काहीही नको. तिथला सुटा नारळ थेट पुढच्यांच्या डोक्यांच्या रेषेत असतो. पाण्याची बाटलीही चालकाच्या पायांजवळ मोकळी नको, ती घरंगळत ब्रेकखाली अडकली तर ब्रेक दाबलाच जात नाही.

एकूण वजनाचा हिशोब सोपा आहे. पुस्तकात दिलेल्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये सव्वाचारशे-साडेचारशे किलो उरतात. पाच मोठी माणसंच साडेतीनशेच्या घरात जातात, म्हणजे आंब्यांसाठी फार काही शिल्लक राहत नाही.

टपावरच्या कॅरियरची मर्यादा तर आणखी कमी, आणि तिच्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही मोजायचं असतं. तिथे बॅगा, गाद्या अशा हलक्या वस्तूच ठेवाव्यात. वर गेलेलं वजन वळणावर गाडीला बाहेर कलवतं. नायलॉनच्या दोरीपेक्षा रॅचेटचा पट्टा बरा, कारण दोरी ताणली जाते. तरीही निघाल्यावर वीसेक किलोमीटरांनी गाडी बाजूला घेऊन पट्टे ओढून बघायचे. तोवर सामान हलून खाली बसलेलं असतं आणि पट्टा सैल पडलेला असतो.