पंप बदलण्याआधी तार तपासा

सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद येणारी बारीक घरघरही ऐकू येत नाही. अशा वेळी ‘पंप गेला’ हे निदान फार लवकर केलं जातं. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा हा पंप टाकीतच बसवलेला असतो. तो काढायला सीट उचलावी लागते, काही गाड्यांत तर टाकीच उतरवावी लागते. एवढा खर्चाचा निष्कर्ष मोजमापाशिवाय काढणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मोजमापही तारेतून पूर्ण करंट वाहत असतानाच घ्यायला हवं.

पंपाला करंट मिळतो तो रिलेमार्फत. नेहमीच्या रिलेत 85 आणि 86 या पिनांमध्ये कॉइल असते, तर 30 वर आलेला करंट 87 मधून पंपाकडे जातो. कॉइलला अँपिअरचा अंशच पुरतो. पंप मात्र साधारण चार ते आठ अँपिअर खेचतो. म्हणून रिलेचा ‘टक’ आवाज कॉइलपुरताच खरा. आतले काँटॅक्ट जळाले आहेत की नाहीत, हे त्या आवाजावरून कळत नाही. 1990च्या दशकातल्या होंडा अकॉर्ड, सिव्हिक गाड्यांत मेन रिलेच्या डाखाला बारीक तडे जात. उन्हात तापलेली गाडी स्टार्ट होत नसे आणि थंड झाली की बिनतक्रार चाले.

इथे मल्टिमीटरही फसवतो. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम, त्यामुळे तो जेमतेम मायक्रोअँपिअरभर करंट घेतो. नळ बंद असताना तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो, तसे एकाच धाग्यावर तगलेल्या तारेतही 12 व्होल्ट दिसतात. कपलरमध्ये गंजामुळे अर्धा ओहम रोध आला आणि पंपाने सहा अँपिअर घेतले, तर तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून पंप जोडलेला आणि चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला व दुसरी पंपाच्या प्लस तारेला लावावी. मग अर्थची बाजूही तशीच तपासावी. कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली, तर दोष वायरिंगमध्ये शोधावा.

‘एवढं करण्यापेक्षा नवा पंप लावून पाहू,’ असं म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे: पंप झिजतात. त्यांची मोटर पेट्रोलनेच थंड राहते, त्यामुळे टाकी कायम तळाशी ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. पण पंप बदलताना कपलर निघतो, पुन्हा बसतो, पिनांवरचा गंज घासला जातो आणि गाडी सुरू होते. श्रेय नव्या पंपाला मिळतं, मूळ दोष तसाच राहतो. त्याऐवजी रिले काढून 30 आणि 87 च्या खाचा फ्यूज असलेल्या तारेने क्षणभर जोडाव्यात. पंप घरघरला, तर संशय रिलेवर किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूवर जातो: ईसीयू (इंजिनचं नियंत्रण करणारा संगणक), क्रँक सेन्सर, इमोबिलायझर. अर्थात घरघर म्हणजे प्रेशर नव्हे. ते गेज लावूनच बघावं. टाकीचं झाकण उघडं असताना मात्र तिथे ठिणगी उडेल असं काहीही करू नये.

काही जण या जोडणीलाच कायमचा उपाय मानतात, रिले वगळून पंपाला थेट स्विच देतात. गाडी चालतेही. पण रिले जागेवर असेल, तर इंजिन बंद पडलं की क्रँक सेन्सरचे संकेत थांबतात, ईसीयू रिले सोडतो आणि पंप थांबतो. थेट स्विचवरचा पंप अपघातात पाइप फुटल्यावरही पेट्रोल फेकत राहतो.