'शकुंतला' पुन्हा धावायची असेल, तर आधी तिची जमीन वाचवा

वऱ्हाडातला कापूस एकेकाळी या गाडीने जायचा. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. एकूण सुमारे 190 किलोमीटर. कापूस पुढे ट्रकवर गेला, पण तिकीट स्वस्त म्हणून गोरगरीब याच गाडीत बसत राहिले. आता 'शकुंतला' बंद आहे. एकेकाळी इमादशाहीची राजधानी असलेल्या अचलपूरला आज चालू रेल्वे नाही.

जुनीच गाडी परत सुरू केली तर भागेल का? नाही. तिचे रूळ अडीच फुटी, मुख्य मार्गाचे साडेपाच फुटी. म्हणजे मूर्तिजापूरला गाडी बदलणं आलंच. ब्रॉडगेज झालं तरच अचलपूरची गाडी थेट अकोल्याला जाईल.

मग जुन्या मार्गाचा उपयोग काय? जमिनीची सलग पट्टी! स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या दक्षिणेला 1969 साली बंद पडलेल्या मार्गाचा काही भाग 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. पहिल्याच वर्षी 10 लाखांहून जास्त प्रवास झाले. पण मधल्या काळात त्या जागेवर घरं, रस्ते आले होते. म्हणून काही ठिकाणी मार्ग वळवावा लागला, नवे पूल बांधावे लागले.

आपल्याकडेही तेच होऊ शकतं. म्हणून निवेदन देताना फक्त 'गाडी सुरू करा' एवढंच लिहू नका. ब्रॉडगेज मागा, आणि तोवर रेल्वेच्या जमिनीवर अतिक्रमण होऊ देऊ नका, हेही ठणकावून सांगा.