शाळा बुडाली आर्क्टिक समुद्रात

आमची शाळा एकदा आर्क्टिक समुद्रात बुडाली. नववीच्या मुलांनी शाळा, नदीवरचा घाट, भाजी मंडई, बसस्टॉप अशा वीसेक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपून आणले होते. मी ते तक्त्यात भरून क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये चढवले. पडद्यावर पिंपरी-चिंचवड कोरंच. नकाशा लहान लहान करत गेले, भारत आला, आशिया आला, आणि शेवटी नॉर्वेच्याही वर, बेअर बेटाच्या खालच्या अंगाला, आमचे वीस ठिपके थंडीनं एकमेकांना बिलगून बसलेले दिसले.

चूक माझी होती. १८.६ उत्तर आणि ७३.८ पूर्व याऐवजी मी ७३.८ उत्तर आणि १८.६ पूर्व भरलं होतं. सॉफ्टवेअर आलेखासारखा विचार करतं. त्याला आधी ‘क्ष’ लागतो, म्हणजे आडवं अंतर, म्हणजे रेखांश. आपली जीभ मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमानं वळते. वर्ग पोट धरून हसला. पुढच्या घटक चाचणीत मात्र त्या तुकडीतल्या एकानंही अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल केली नाही. फळ्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून हे मला कधी साधलं नव्हतं.

भूगोल शिकवायला लागून मला वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. डिजिटल नकाशा वर्गात आणावा का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये जेवढे डबे तेवढी मतं. गुंडाळीचा कापडी नकाशा जिवापाड जपणारे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत, की मोबाइल आल्यापासून पोरं कुठंही पोचतात, पण आपण कुठल्या दिशेला आलो हे त्यांना सांगता येत नाही. आम्ही तरुण मंडळी तेव्हा हसायचो. आता त्यांचं म्हणणं पटतं. वाट दाखवणारा मोबाइल तुम्हाला मधोमध ठेवतो आणि सगळं जग तुमच्याभोवती फिरवतो. तुम्ही वळलात की नकाशाही वळतो, उत्तर दिशा वर राहतच नाही. चाकणच्या तळेगाव चौकात तासभर अडकलेल्याला रस्ता लाल का दिसतो हेही ठाऊक नसतं. पुढं अडकलेल्या शेकडो गाड्यांमधले मोबाइल आपला मंदावलेला वेग कळवत असतात, म्हणून तो लाल असतो. असा नकाशा उत्तर देतो आणि प्रश्न विचारायची सवय मोडतो. मुलांनी स्वतः काही मांडायचा नकाशा निराळा. शिक्षकांची बरीच भांडणं या दोहोंना एकच समजल्यामुळं होतात.

बाकीच्या तक्रारी रोजच्या आहेत. पोर्शन कधी संपवायचा? संगणक कक्ष रिकामा कधी मिळायचा? बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम आणि वर्गाचं काम एकाच आठवड्यात आलं तर काय करायचं? दहावीला भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची. तिथं नकाशा भरायचा तो छापील आराखड्यात, पेन्सिलीनं. वर्षभर पडद्यावर नकाशाचे थर चढवणाऱ्या मुलाला त्याचा एकही जादा गुण मिळत नाही, आणि पालकांना हे आमच्याआधी कळतं.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत जोसेफ केर्स्की यांनी तिथल्या हायस्कूलच्या शिक्षकांची पाहणी करून २००३ साली निष्कर्ष मांडले. जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, स्वीकारलेल्या शाळा २ टक्क्यांहूनही कमी होत्या, आणि सॉफ्टवेअर हाताशी असलेल्या शिक्षकांपैकी जवळजवळ निम्मे ते वापरतच नव्हते. म्हणजे डबा फोडायचाच राहिला होता. केर्स्की यांनी पुढं दोन सहकाऱ्यांसह ३३ देशांतल्या शाळांचा आढावा घेणारं पुस्तक संपादित केलं. ते २०१२ साली आलं. त्यातल्या भारतावरच्या प्रकरणाचं शीर्षकच सांगतं, की हे तंत्र शहरातल्या उच्चभ्रू खासगी शाळांपुरतं आलं आहे. आता साधनं सोपी झाली आहेत. इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून आहे, त्यात एनसीईआरटीबरोबर केलेला शालेय भागही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे करण्यावरचे बरेचसे निर्बंध उठवले. वेळ मात्र कुणी वाढवून दिला नाही.

तरीही मी हा खटाटोप करते, त्याचं कारण नववीचा पहिलाच पाठ, ‘वितरणाचे नकाशे’. त्यात क्षेत्रघनी पद्धत आहे, म्हणजे आकडा जितका मोठा तितका रंग गडद. कागदावर एक नकाशा रंगवायला दोन तास जातात, मग दुसरा करून बघायची इच्छा कुणाला राहणार? संगणकावर दोन क्लिक पुरतात. आम्ही पुणे जिल्ह्याचे १४ तालुके घेतले आणि २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या भरली. (खरं तर इथं घनता भरायला हवी. पण घनता घेतली तरी पुणे शहर बाकीच्यांना फिकं पाडतंच.) पुणे शहर ३३ लाख, हवेली, म्हणजे त्या वेळी आमचं पिंपरी-चिंचवड जिच्यात मोजलं गेलं ती, २४ लाखांच्या घरात, खेड साडेचार लाख, वेल्हे, म्हणजे आताचं राजगड, जेमतेम ५४ हजार.

आधी सारख्या अंतराचे चार गट पाडले. पुणे शहर सर्वांत गडद, हवेली त्याच्या खालोखाल, त्याखालच्या गटात कुणीच नाही आणि उरलेले बाराच्या बारा तालुके एकाच फिकट रंगात. म्हणजे चाकणसह खेड आणि डोंगरातलं वेल्हं सारखंच! मग प्रत्येक गटात जवळपास सारखे तालुके येतील असं सांगितलं. आता खेड उचलला गेला तो थेट पुणे शहराच्या रंगात जाऊन बसला. आकडे तेच होते, खोटं कुणीच बोललं नव्हतं. ‘मॅडम, मग खरा नकाशा कोणता?’ हा प्रश्न आला तेव्हा तास संपल्याची घंटा झाली होती आणि कुणी उठलं नाही.

त्यातही खेड तालुका आणखी एक फसवणूक करतो. त्याच्या एका टोकाला चाकणचे कारखाने, दुसऱ्या टोकाला भीमाशंकरचं जंगल, आणि क्षेत्रघनी नकाशा दोन्हींना एकच रंग फासतो. तिथं टिंब पद्धत, म्हणजे ठरावीक आकड्यामागं एक टिंब, कामाला येते.

कागदी नकाशाची गंमत मी सोडलेली नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचा ‘४७ एफ/१४’ या क्रमांकाचा स्थलनिर्देशक नकाशा १८ अंश ४५ मिनिटांवर संपतो, आणि ती रेषा चाकणच्या जरा दक्षिणेकडून जाते. त्यामुळं निघोजे, कुरुळी एका कागदावर आणि चाकण गाव वरच्या ‘४७ एफ/१३’ वर. अख्खी औद्योगिक पट्टी बघायची तर दोन कागद चिकटवायचे. मुलं डिंक लावून ते चिकटवतात, मग त्याच जागेची लँडसॅट उपग्रहाची जुनी आणि नवी चित्रं पडद्यावर बघतात. त्या चित्रातला एक ठिपका ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. ९०० चौरस मीटर म्हटलं की चेहरे कोरे राहतात. सुमारे नऊ गुंठे म्हटलं की लगेच उमगतं, कारण घरी गुंठ्यांच्या गोष्टी रोज चालतात. त्या नऊ-नऊ गुंठ्यांच्या हिरव्या चौकटी वर्षागणिक राखाडी होताना दिसतात. ज्यांच्या आजोबांनी त्यातलं एखादं वावर विकलंय ती मुलं बोट लावून जागा दाखवतात.

मे २०२५ मध्ये आमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा मुलांच्या तोंडी तेच होतं. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण सलग दोन वर्षंही पंचवीस वर्षांचा पूर येऊ शकतो, हे समजवायला नाणं उडवूनच दाखवावं लागतं. आम्ही नदी, रस्ते आणि पूररेषा असे थर एकावर एक ठेवले आणि मी म्हटलं, आता आपापली घरं टाका. या वेळी रेखांश आधी.

ठिपके पडत गेले, नावांसकट. एक ठिपका निळ्या रेषेच्या आत पडला आणि वर्ग गप्प झाला. ज्या मुलीचा तो होता ती बाकावरून उठून पडद्याजवळ आली आणि रेषा नीट पाहू लागली. ती म्हणाली, ‘मॅडम, मोबाइल पाच-दहा मीटर चुकतो ना?’ हे मीच शिकवलं होतं. ठिपका रेषेच्या बराच आत होता.

ठिपका मी तसाच ठेवला. नावांचा थर बंद केला, सगळ्यांचाच.